आधी तू खा

वैनीच्या डाव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी गळून पडली आणि ती तशीच घरी आली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. नदीपासून घरापर्यंत खडीचा रस्ता आहे. त्यावरून एक पाय अनवाणी टाकत ती आली होती आणि तिला ते कळलंच नव्हतं.

"वैनी, चप्पल खय तुझी?"

तिने आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगो बाये! म्हातारी झालंय मी," असं म्हणून ती हसली आणि चुलीकडे वळली. वळताना तोच पाय उंबऱ्याला घासला. तेही तिला कळलं नाही.

वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ, शुभांगी. मी या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं, "हय कोणाक घाबरा नको, माका सोडून." तेव्हापासून मी तिला घाबरत, तिच्याशी भांडत आणि तिच्या हातचं जेवत आनंदाने जगले आहे. तिच्या पायाला काही झालं तर या घराचं काय होईल, हा विचार मला तोवर कधी शिवला नव्हता. त्या दिवशी शिवला, कारण तिला इंजेक्शन द्यायला नेलं होतं ते मी.

वैनीच्या कमरेतली गादी झिजली होती. मणक्यामणक्यांच्या मधे असते ती. सकाळी उठताना खांब धरायची, तांदूळ निवडायला पाटाऐवजी खुर्ची लागायची, आणि कोणी विचारलं तर "माका काय धाड भरली?" असं ठणकावून सांगायची. माझा उजवा गुडघाही तसाच, सायकल आणि चढउतार यांनी खाल्लेला. तेवढ्यात तालुक्याला कोल्हापूरच्या 'पुनर्संधी' केंद्राचं शिबिर लागलं. मी गावची आशा, म्हणजे सरकारी दवाखाना आणि घरं यांच्या मधली बाई. चार लोकांना शहाणपण सांगणं हा माझा धंदाच. वैनी नको नको म्हणत असताना मी तिला रिक्षात कोंबलं.

तिथल्या इंजेक्शनचं शास्त्र डॉक्टर शेंबेकर बाईंनी आम्हाला छान समजावून सांगितलं होतं. पोटावरची थोडी चरबी काढतात. तिच्यात मूळपेशी असतात, म्हणजे आपण पुढे काय व्हायचं ते अजून न ठरवलेल्या पेशी. आमच्या गावातली बारावी झालेली पोरं जशी. त्या प्रयोगशाळेत वाढवून दुखऱ्या जागी टोचतात. पूर्वीही टोचायचे, पण त्या पेशी तिथे थोडे दिवस बसायच्या आणि मरून जायच्या. केंद्राने त्यांच्या जनुकांत एक कळ बसवली. एक ठरावीक औषध रक्तात आलं की पेशींनी वाढायचं आणि कूर्चा बांधायची, कानाच्या वरच्या कडेला लागते तशी लवचीक. औषध थांबलं की काम थांबवून गप्प बसायचं. ते औषध सोनेरी पाकिटातून मिळायचं आणि त्याचं नावच ठेवलं होतं 'चावी'. तीन आठवडे चावी घेतली की झालं. दोघींनी टोचून घेतलं, तिने कमरेत, मी गुडघ्यात.

आणि झालंही. चैत्रात वैनी पाटावर मांडी घालून फणस कापायला बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरा केलंस." तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दिवाळीच. निघताना शेंबेकर बाईंनी बजावलं होतं की टेट्रासायक्लिन गटातलं कुठलंही औषध आयुष्यात घ्यायचं नाही. आम्ही दोघींनी माना हलवल्या. एवढं लांबलचक नाव असलेलं औषध आम्हाला कोण देणार होतं?

आता माझ्या कामाविषयी सांगते, कारण घात तिथे झाला.

आमच्याकडे भाताची लावणी म्हणजे पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभं राहणं. रोपं लावणारं यंत्र आमच्या एवढ्याशा कुणग्यांत, म्हणजे भाताच्या तुकड्यांत, वळतही नाही, म्हणून अजून माणसंच लावतात. त्या पाण्यात उंदीर मुततात, आणि त्या मुतातून लेप्टोचे जंतू पायाच्या चिरांतून माणसाच्या अंगात शिरतात. भावोजी, वैनीचा नवरा, असेच गेले. अंगदुखी म्हणून दोन दिवस घरी काढले, मग डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून वैनीने लेप्टोची गोळी एकदाही चुकवलेली नाही. नवस फेडावा तशी ती गोळी घेते.

बाकीचे मात्र घेत नाहीत. पाऊस बदलला, पूर वाढले, उंदीर वाढले, आणि पूर्वी लावणीपुरती असलेली गोळी सरकारने पावसाळाभर केली, दर सोमवारी एक. धुरीवाडीच्या तात्या धुरींनी पहिल्याच वर्षी बांधावर उभं राहून मला विचारलं होतं, "गोळी एवढी बरी असा, तर आदी तू खा. मगे आमी." मी खाल्ली. सगळ्यांनी खाल्ली. पुढच्या वाडीत तेच. मग ती रीतच पडली. मी पाकीट उघडायचं, सगळ्यांदेखत एक गोळी तोंडात टाकायची, जीभ काढून दाखवायची, की हात पुढे यायचे. सोमवारी मी जितक्या वाड्या फिरायचे तितक्या गोळ्या माझ्या पोटात जायच्या. आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर लोबो हसायचे, म्हणायचे, "रेश्माताई, तुमच्या जवळपास फिरकायची उंदरांची टाप नाही." मला त्यात गैर काही वाटलं नाही. ते औषध घेणं नव्हतंच. ते माझं काम होतं.

चप्पल हरवल्यावर मी वैनीला घेऊन कोल्हापूरला पुनर्संधी केंद्रात गेले. माझ्याही गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती, पाय पुरता दुमडत नव्हता. शेंबेकर बाईंनी दोघींचे एमआरआय काढले आणि पडद्यावर लावले. 

"पेशी पुन्हा वाढतायत," त्या म्हणाल्या. "रेश्माताई, तुमच्या गुडघ्यात जागा आहे, तो आखडेल, आपण बघू. पण यांच्या गादीच्या मागच्या चिरेतून थोड्या पेशी बाहेर झिरपल्या होत्या. गप्प असत्या तर काही बिघडलं नसतं. आता त्यांनी मज्जातंतूंच्या नळीत कूर्चा बांधायला घेतलीय." त्यांनी बोट ठेवलं. पांढरट नळीच्या कडेला एक करडा फुगवटा होता आणि मधल्या तंतूंचा जुडगा भिंतीला चेपून दोऱ्याएवढा झाला होता.

"कुठलं औषध घेताय का? नीट आठवून सांगा."

"नाय," वैनी म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. आणि आम्ही दोघी खरं बोलत होतो.

"मग चावी फिरवली कोणी?" बाई स्वतःशीच म्हणाल्या.

सोमवार होता. माझ्या फोनमधला गोळीचा गजर वाजला. मी सवयीने पिशवीतून पाकीट काढलं आणि एक गोळी वैनीच्या हातावर ठेवली. वैनीने पाण्याची बाटली उघडली.

"थांबा!" शेंबेकर बाई एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेरची नर्स आत आली. "काय आहे ते?"

"लेप्टोची गोळी."

"तुम्ही तर म्हणालात, औषध घेत नाही."

"ह्या औषध नाय," वैनी शांतपणे म्हणाली. "आजारी पडला की औषध. ही पडू नये म्हणान."

बाईंनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, वाचलं आणि खुर्चीत बसल्या. मला तेव्हाच कळलं. पाकिटावर 'डॉक्सी' लिहिलेलं होतं. टेट्रासायक्लिन हे गटाचं नाव आणि औषधाचं वेगळं, लग्न होऊन आडनाव बदललेल्या बाईसारखं. मीच ते ओळखलं नव्हतं.

"चावी म्हणजे हेच. कळीसाठी आम्हाला जुनं, स्वस्त, निर्धोक औषध हवं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्रयोगशाळेत पेशींच्या कळा फिरवायला वर्षानुवर्षं हेच वापरतात. आमच्या चाचण्या शहरात झाल्या. शहरातल्या माणसाला हे कधीतरी लागतं, त्याला आम्ही नको म्हणून सांगतो. आख्खं गाव दर सोमवारी ओळीने उभं राहून हे खातं, हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं."

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याहून जास्त माझ्या.

"आता काय?" मी विचारलं.

"गोळी बंद. महिनाभरात पेशी शांत होतील, मग आपण कोरून काढू. वाढत्या पेशींना सुरी लावली तर चार जागी पसरतील. पण तोवर एकही गोळी नको. औषध दोन दिवसांत उतरतं, पण कळ दाबली गेली की पेशी आठवडाभर काम करत राहतात. आणि तिथे आता जागा उरलेली नाही." त्यांनी वैनीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "एक गोळीसुद्धा पुरे होईल. दोन्ही पाय जातील, लघवीवरचा ताबा जाईल. गेलेलं परत येत नाही."

परतीच्या एसटीत वैनी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "गोळी नाय, तर मगे लेप्टो झालो तर?"

"तू चिखलात उतरा नको, म्हणजे होवचो नाय."

"तुझे भावोजी पण असाच म्हणायचे, माका काय होवचा नाय." एवढं बोलून तिने डोळे मिटले. मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. तिने सोडवून घेतला नाही, म्हणजे तीही घाबरली होती.

डॉक्टर लोबोंनी सगळं ऐकलं आणि ताबडतोब वर कळवलं. पुनर्संधीने इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येकाला फोन करून गोळी बंद करायला सांगितली. ते काम चोख झालं. पण गावात बातमी पोचली ती वेगळीच. लेप्टोच्या गोळीने अंगात हाडं वाढतात, पालवांच्या शुभांगीच्या पाठीत वाढलं, आशाच्या गुडघ्यात वाढलं, हवं तर जाऊन गाठ बघा. लोक खरंच बघायला आले. बारशाला यावं तसे. पुढच्या सोमवारी धुरीवाडीत एकाही माणसाने हात पुढे केला नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतला एक तरणा गडी पिवळा पडला. त्याच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं, त्याला मशीनवर ठेवलं, आणि शनिवारी तो गेला.

"ताई, धुरीवाडीची लावणी चालू आहे," लोबो म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तिथे एकानेही इंजेक्शन घेतलेलं नाही. त्यांना गोळीचा काही अपाय नाही, आणि गोळी नसेल तर मी अजून किती जणांना पाठवू मशीनवर? तुम्ही जा."

"ते म्हणतील, आधी तू खा."

"मग मी येतो. मी खातो."

"तुम्ही डॉक्टर. तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

ते हसले नाहीत. मीही नाही. माझ्या मनात काय आलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं.

सोमवारी मी धुरीवाडीच्या मळ्यात गेले. पावसाची झड थांबून ऊन पडलं होतं. चाळीसेक माणसं कुणग्यांत वाकलेली, बांधावर तरव्याच्या रोपांचे मुठे. लावणीत घरं एकमेकांना मदत करतात, म्हणून आमच्या घरचीही माणसं तिथे होती, आणि वैनी सगळ्यांसाठी चहा आणि भाकऱ्या घेऊन आली होती. तिला मी चिखलात उतरायचं नाही असं शंभरदा सांगितलं होतं. ती उतरली नव्हती. दूर फणसाखाली किटली घेऊन बसली होती.

तात्या धुरी कमरेवर हात देऊन उभे राहिले. "इलंस? बरा झाला. पण आमी आता गोळी खावचे नाय."

"तात्यांनू, ज्यांनी पाठीत नायतर गुडघ्यात इंजेक्शन घेतलानी, तेंकाच त्रास. तुमका नाय."

"मगे तू आदी खा."

"मी इंजेक्शन घेतलंय."

"तूच खायत नाय, ती आमी कित्याक खावची?" तात्या म्हणाले, आणि मागून कोणीतरी 'खराच तर' म्हणालं. त्यांची गरोदर नात सोडून झाडून सगळं घर त्या पाण्यात उभं होतं. तात्यांच्या अंगठ्याला केळीच्या सोपटाची पट्टी बांधलेली होती. म्हणजे जखम होती.

मी पाकीट फोडलं. गोळी जिभेवर ठेवली, वरून पाणी प्याले, मान मागे टाकली, गळा हलवला आणि जीभ काढून दाखवली. गोळी वरच्या ओठाच्या आत, हिरडीला चिकटवली होती. इतक्या वर्षांत लोकांसमोर केलेली ही माझी पहिली लबाडी. तात्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हात पुढे केला.

मग सगळेच आले. पाकिटं हातोहात फिरली, बांधावरून बांधावर गेली, चहाच्या घोटाबरोबर गोळ्या पोटात गेल्या. मला एवढा आनंद झाला की रडू येईल असं वाटलं. तोंड कडूजहर झालं होतं. मी पाठ फिरवून, खोकल्याचं निमित्त करून गोळी रुमालात काढली.

वळले तेव्हा वैनी फणसाखाली बसून आपल्या डाव्या तळव्याकडे बघत होती. तळव्याला लांब चीर पडली होती, रक्त आणि चिखल एक झाले होते.

"ह्या कधी झाला?"

"काय म्हायत? येताना व्हाळाच्या पाण्यात लागला आसतला. माका कळलाच नाय. आता बघलंय तर रगत." तिचा चेहरा मात्र मोकळा होता, कितीतरी दिवसांत नव्हता तसा. "पण आता कसली भीती? तू गोळी खाल्लंस आणि माझो जीव भांड्यात पडलो. म्हटला, डॉक्टरान परवानगी दिल्यान वाटता. मी पण घेतलंय."

मी विचारलं, "एक?"

"दोन. मागच्या सोमवारची ऱ्हवली होती ना."

मी तिच्यासमोर बसकण मारली, आखडलेला पाय बाजूला पसरून. "वैनी, ओक. आत्ताच्या आत्ता ओक."

"येडी काय तू? हेच गोळीपायी माझो घो गेलो, नाय मिळाली म्हणान. रगत इला हा, आणि तू म्हणतंस ओक? तू कशी खाल्लंस मगे?"

तात्या किटलीपाशी आले होते. त्यांची सून, त्यांचे मुलगे, आमच्या घरचे, सगळे चहाला जमत होते. मी वैनीच्या कानाशी लागून कुजबुजले, "तुका सांगतंय ता ऐक." तिने मान झटकली. ती माझी वैनी, तिने माझं कधी ऐकलंय? तिला पटेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती तिला दाखवायची म्हणजे चाळीस माणसांना दाखवायची. मशीनवरचा तो गडी माझ्या डोळ्यांसमोर आला. वैनीचा पायही समोर होता, रक्ताने भरलेला आणि तरी न दुखणारा.

मी रुमाल उघडला. अर्धी विरघळलेली गोळी तिच्यापुढे धरली.

"मी खावक नाय, वैनी. ही बघ. मी खोटा केलंय."

वैनीने गोळीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.  तिने दोन बोटं घशात घातली.

मागे कपबशी पडल्याचा आवाज झाला. तात्या बांधाकडे गेले आणि वाकले. त्यांनीही बोटं घशात घातली होती. मग त्यांची सून गेली. मग एकेक जण बांधाच्या कडेला जाऊन वाकायला लागला.

"तुमका काय होवचा नाय!" मी ओरडले. "तुमी कोणी इंजेक्शन घेवक नाय! ओका नकात!" कोणी मान वर केली नाही. आत्ताच सगळ्यांदेखत खोटं खाल्लेल्या बाईचं कोण ऐकणार?

मी वैनीने ओकलेल्या चहात आणि चिखलात बोटं घालून शोधायला लागले. एक गोळी मिळाली, अख्खी, पिवळी. वैनीने पुन्हा बोटं घातली, पुन्हा ओकली, आता नुसतं पाणी. तिने माझा खांदा गच्च धरला.

"गावली?"

"गावली," मी म्हटलं, आणि दुसरी शोधत राहिले.